अनाथालयातून बाहेर पडायचं दार कुठंय?

आपल्या भागातून श्रीलंकेला जाणारे वाढलेत. रामायण टूर म्हणा, सहा दिवस पाच रात्री म्हणा, चांगलंच आहे. पण परत आल्यावर प्रत्येकाच्या वॉलवर एक फोटो ठरलेला. पिन्नावालाच्या हत्तींचा कळप नदीत डुंबतोय, मागे आपली मंडळी गॉगल लावून, आणि वर ओळ : "अनाथ हत्तींना भेटलो, मन भरून आलं."

मीही मागच्या महिन्यात तो फोटो काढला. टाकला नाही. का, ते लिहितो. लांब आहे, वेळ असेल तर वाचा.

कोलंबोहून कँडीला जाताना केगल्ल जिल्ह्यात पिन्नावाला लागतं. 1975 साली नारळाच्या बागेत वन्यजीव खात्यानं ही जागा उभी केली. आई मेलेली, विहिरीत पडलेली, कळपातून चुकलेली पिल्लं जगवायला. हेतू शंभर टक्के चांगला. सुरुंगावर पाय पडून लंगडी झालेली हत्तीण इथं सांभाळली, गोळ्या लागून आंधळा झालेला हत्ती सांभाळला. हे कुणी नाकारत नाही, मीही नाकारत नाही.

पण तीनच वर्षांत ही जागा प्राणीसंग्रहालय खात्याकडे गेली. 1982 ला तिथं प्रजनन सुरू झालं आणि 1984 ला पहिलं पिल्लू जन्मलं. त्यानंतर आजवर पन्नासहून जास्त. 2021 मध्ये सुरंगी नावाच्या हत्तिणीला जुळी झाली, जगभर बातमी झाली, आपल्याकडेही फिरली. बाप पांडू, तोही तिथलाच.

आता मला सांगा, ज्या पोराची आई शेजारी उभी आहे आणि बाप त्याच आवारात आहे, ते पोर अनाथ कसं? आणि अनाथालय म्हटलं तर पोर मोठं झाल्यावर त्यानं बाहेर पडून आपलं आपण जगावं की नको? पिन्नावालाचा हत्ती जंगलात परत जात नाही. गेला तर देवळात जातो, नाहीतर दुसऱ्या देशात. अंजली नावाची हत्तीण 2015 साली न्यूझीलंडला ऑकलंडच्या प्राणीसंग्रहालयात गेली. पुढे नंदी नावाचं पिल्लूही त्या देशाला भेट म्हणून जाहीर झालं, तेव्हा श्रीलंकेतलेच लोक कोर्टात गेले. म्हणजे हा माझा परदेशी पाहुण्याचा आगाऊपणा नाही. त्यांच्या घरातच हा वाद आहे.

कुणी म्हणेल, हत्ती परत जंगलात सोडणं जमतच नसेल. जमतं हो. त्याच देशात, दक्षिणेला उडावलावे इथं, 1995 पासून एलिफंट ट्रान्झिट होम चालतं. तिथंही अनाथ पिल्लंच येतात. दर तीन तासांनी दूध देतात, आपण लांबून कट्ट्यावरून बघायचं. हात लावायचा नाही, बाटली धरायची नाही, सेल्फीला सोंड खांद्यावर नाही. पाचेक वर्षांची झाली की बरोबरीच्या पिल्लांसोबत जंगलात सोडतात. शंभरावर हत्ती असे परत गेलेत. ह्याला म्हणतात अनाथालय. पण तिथं फोटो चांगला येत नाही, म्हणून आपल्या टूरमध्ये ते नाव सहसा नसतं. आमच्या ड्रायव्हरला विचारलं तर तो हसला, म्हणाला, इंडियन ग्रुप हात लावायला मागतात. आणि वर एका खाजगी ठिकाणी हत्तीवर बसवून आणतो म्हणाला, स्वस्तात.

खरा प्रश्न ह्याच्याही मागे आहे. पिल्लं अनाथ होतात का? 2011 च्या मोजणीत श्रीलंकेत सहा हजाराच्या आतबाहेर जंगली हत्ती होते. 2019 या एका वर्षात त्यातले चारशेहून जास्त मेले आणि माणसं शंभरावर. बंदूक, विजेची तार, आणि तिथं 'हक्का पटस' म्हणतात तो प्रकार. भोपळ्यात वगैरे बारूद लपवून ठेवतात, हत्तीनं चावलं की जबडा फुटतो. जनावर लगेच मरत नाही, खाता येत नाही म्हणून उपाशी मरतं. फेब्रुवारी 2025 मध्ये हबरणाजवळ एका रेल्वेनं एकाच कळपातले सहा हत्ती उडवले. आपण नदीकाठी कौतुकानं बघतो ती गोष्ट इथून सुरू होते.

शेतकऱ्याला शिव्या द्यायला मी हे लिहीत नाही. 2002 पासून कर्नाटकातून हत्ती आपल्याकडे येतात. चंदगड, आजरा, दोडामार्गातला आडवा झालेला ऊस आणि मोडलेल्या माडांचे पंचनामे मी बातमीत वर्षानुवर्षं लिहितोय. रात्रभर डबा वाजवत बसलेल्या माणसाला प्राणीप्रेम शिकवायची माझी छाती नाही. म्हणूनच तिकडचं एक काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डॉ. पृथ्वीराज फर्नांडो आणि त्यांचे सहकारी सांगत आले की, सरकारनं जंगलाच्या हद्दीवर घातलेली कुंपणं उपयोगाची नाहीत, कारण कुंपणाच्या दोन्ही बाजूंना हत्तीच असतात. कुंपण गावाभोवती आणि पिकाच्या हंगामात शेताभोवती घाला, आणि ते गावानंच सांभाळू दे. 2020 मध्ये त्यांच्या समितीनं सरकारला आराखडाही दिला. आपल्या वनखात्याच्या साहेबांनी एक टूर ह्यासाठी काढावी, खर्चाला कुणी नाव ठेवणार नाही.

2025 साली माधुरीसाठी नांदणीहून कोल्हापूरपर्यंत हजारो लोक पायी गेले. ती मठात असावी की वनतारात, तो वाद इथं काढू नका, कमेंट उडवीन. एवढंच म्हणतो, नाव ठेवलेल्या एका हत्तिणीसाठी आपण पंचेचाळीस किलोमीटर चालतो. बिननावाच्या कळपासाठी टूरचा कागद तरी नीट वाचा.

दिवाळीनंतरचं बुकिंग झालंय त्यांनी एजंटला फोन करून बघा. एल्लाहून दक्षिण किनाऱ्याला उतरणार असाल तर उडावलावे वाटेतच पडतं. आणि हत्तीवर बसायची ऑफर कुणी दिली तर सरळ नाही म्हणा, एजंट कितीही ओळखीचा असला तरी.