लॅपटॉपची ओरिजिनल सीडी नाही? विंडोज पुन्हा टाकण्यासाठी पैसे देण्याआधी हे वाचा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. तेव्हापासून जुन्या लॅपटॉपचं करायचं काय, हा प्रश्न अनेकांसमोर आहे. सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचं ठरवलं, तर पहिली अडचण येते ती सीडीची. ती हरवलेली असते किंवा लॅपटॉपसोबत मिळालेलीच नसते. मग दुकानात ‘क्रॅक’ विंडोज टाकून घेतलं जातं. पण सीडी नसली म्हणजे तुमचा विंडोजवरचा हक्क गेला का?

परवाना असतो कुठे?

सीडी हे फक्त फाइल्स पोहोचवण्याचं साधन आहे. लॅपटॉप घेताना तुम्ही पैसे मोजता ते परवान्याचे. विंडोज ७ च्या काळात परवान्याची की लॅपटॉपच्या मागच्या स्टिकरवर असायची. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून कंपन्या ही की थेट मदरबोर्डच्या चिपमध्ये साठवू लागल्या. विंडोज १० पासून ‘डिजिटल लायसन्स’ आलं. त्यात मशीनची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदलेली असते.

म्हणजे हार्डडिस्क पूर्ण पुसली तरी परवाना जात नाही. तीच आवृत्ती, उदाहरणार्थ होमच्या जागी होमच, पुन्हा टाकली की इंटरनेट जोडल्यावर विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होतं. मदरबोर्ड बदलला असेल, तर मात्र अडचण येऊ शकते.

२८ हजार सीडी आणि १५ महिन्यांची कैद

सीडी आणि परवाना यांतला फरक अमेरिकेत एकाला महागात पडला. कॅलिफोर्नियातले ई-कचरा व्यावसायिक एरिक लुंडग्रेन यांनी चीनमध्ये सुमारे २८ हजार रिस्टोअर सीडी बनवून घेतल्या. जुने संगणक भंगारात न जाता पुन्हा वापरले जावेत, हा आपला हेतू असल्याचं ते सांगत. या सीडींमध्ये परवाना नव्हता. परवाना असलेल्यांना तेच सॉफ्टवेअर मोफत डाउनलोड करता येत होतं. त्यामुळे सीडीची किंमत शून्य आहे, असा बचाव पक्षाचा युक्तिवाद होता.

मायक्रोसॉफ्टचं म्हणणं वेगळं होतं. सीडींवर डेल आणि मायक्रोसॉफ्टची नावं छापलेली होती, म्हणजे त्या बनावट होत्या. न्यायालयाने प्रत्येक सीडीची किंमत २५ डॉलर धरली, एकूण ७ लाख डॉलर. लुंडग्रेन यांनी गुन्हा कबूल केला होता. त्यांना १५ महिन्यांची कैद आणि ५० हजार डॉलर दंड झाला. एप्रिल २०१८ मध्ये अपील न्यायालयाने ही शिक्षा कायम ठेवली.

या निकालावर बरीच टीका झाली. पण सामान्य वापरकर्त्याला त्यातून एक गोष्ट कळते: कंपनीच्या साइटवरून स्वतःसाठी फाइल घेणं वेगळं आणि कंपनीचं नाव छापून सीडी विकायला बनवणं वेगळं.

मग करायचं काय?

आधी फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप घ्या. लॅपटॉपमध्ये बिटलॉकर सुरू असेल, तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून ठेवा.

लॅपटॉप सुरू होत असेल, तर सेटिंग्जमधल्या ‘रिकव्हरी’त जाऊन ‘रीसेट धिस पीसी’ निवडा. ‘क्लाउड डाउनलोड’मध्ये विंडोजच्या नव्या फाइल्स इंटरनेटवरून येतात. त्यासाठी ४ जीबीपेक्षा जास्त डेटा लागू शकतो, त्यामुळे मोबाइल हॉटस्पॉट वापरताना जपून.

लॅपटॉप सुरूच होत नसेल, तर दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ घ्या आणि किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल. इन्स्टॉल करताना की मागितली, तर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ हा पर्याय निवडा.

‘क्रॅक’चा धोका

‘ॲक्टिव्हेटर’ चालवण्यासाठी बऱ्याचदा अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं जातं. ज्या लॅपटॉपवर बँकेचं काम होतं, त्यावर हे करणं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या देणं. आणि तुमच्या लॅपटॉपमध्ये परवाना आधीच असेल, तर याची गरजच नसते.

पण सुरक्षेचं काय?

विंडोज १० पुन्हा टाकल्याने लॅपटॉप वेगवान होईल, पण सुरक्षा अपडेट परत सुरू होणार नाहीत. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव योजना दिली आहे. त्यात वेगळी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. तो नसेल, तर लिनक्स मिंटसारखी मोफत सिस्टीम हा पर्याय आहे. तीही पेनड्राइव्हवरूनच टाकता येते.

त्यामुळे लॅपटॉप दुकानात देण्याआधी सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्हेशन’ उघडून पाहा. तिथे ‘डिजिटल लायसन्स’ने ॲक्टिव्हेट झाल्याचं दिसत असेल, तर दुकानदाराला तीच आवृत्ती टाकायला सांगा. तुम्हाला पैसे मोजायचे आहेत ते त्याच्या मेहनतीचे, नव्या विंडोजचे नाही.