गांजाची केस : वकील मुंबईचा की जिल्ह्याचा?

तूर-कपाशीच्या आड लावलेली गांजाची झाडं धरली गेली की घरचे एकतर जमिनीचे दावे चालवणाऱ्या ओळखीच्या वकिलाकडं पळतात, नाहीतर थेट मुंबई गाठतात. दोन्हींत नुकसान आहे.

एनडीपीएस हा १९८५ चा केंद्राचा कायदा, पण खटला आपल्याच भागातल्या विशेष सत्र न्यायालयात चालतो. गांजा २० किलोच्या वर दाखवला की व्यावसायिक प्रमाण धरतात. मग कलम ३७ मुळे जामीन लई अवघड, आणि दोषारोपपत्राला पोलिसांना १८० दिवस.

म्हणून सगळी मारामारी वजनाची. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं आलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं अन् बी त्यात धरत नाहीत. पण छाप्यात अनेकदा अख्खं झाड मुळाखोडासकट, ओलंच काट्यावर चढतं. पंचनाम्यात शेंडे वेगळे केले का, नमुने कलम ५२अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर काढले का, हे पहिल्या आठवड्यातच तपासणारा वकील पाहिजे. तो त्याच कोर्टात रोज उभा राहणारा असलेला बरा. हायकोर्टात जामिनाला जायची वेळ आली तर तेव्हा तिथला बघावा.

फी ठरवण्याआधी दोनच गोष्टी विचारा. एनडीपीएसच्या किती केसेस शेवटपर्यंत चालवल्या? तारखेला स्वतः येणार की ज्युनिअर?

पैसे नसतील तर लगेच जमीन गहाण टाकू नका. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन.