घोड्याचे दात बघता, मग कॉम्प्युटरची जनरेशन का बघत नाही?



परवा आपल्या बॅचमधल्या एका मुलाचा फोन आला. शहादा तालुक्यातलं गाव, रस्त्याला लागून छोटं दुकान. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि आधारवर अंगठा लावून पैसे काढून देणं, ही त्याची कामं. म्हणाला, "सर, विंडोज १० बंद झालं म्हणतात. रॅमही महागलीय. दुकानदाराने नवीन एआय पीसीचं कोटेशन दिलंय आणि म्हणतोय आत्ता घे, नंतर परवडणार नाही. कर्ज काढू का?"

मी विचारलं, "सध्या कोणता कॉम्प्युटर आहे?"

"आय फाइव्ह आहे, सर."

"कितव्या जनरेशनचा?"

तिकडून आवाज नाही.

मित्रांनो, सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला गेलेला माणूस आधी काय करतो? घोड्याचं तोंड उघडून दात बघतो. रंग, अंगकाठी, चाल हे सगळं नंतर. आधी वय. आणि आपण पन्नास हजारांचं मशीन घेताना फक्त "आय फाइव्ह आहे का" एवढंच विचारतो. आय फाइव्ह हे फक्त नाव आहे, २००९ पासून चालत आलेलं. त्यातला वयाचा आकडा पुढे असतो.

म्हणून आज टेक्नॉलॉजीच्या दोन बातम्यांवर बोलायचंय. माझं मत आधीच सांगतो: या दोन्ही बातम्या खऱ्या आहेत, पण त्या दाखवून तुम्हाला जे विकलं जातंय ते बहुतेकांना नकोय.

पहिली बातमी: विंडोज १०

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. याचा अर्थ कॉम्प्युटर बंद पडला असा नाही. तो चालतोच. पण नवीन सापडलेल्या त्रुटींची दुरुस्ती, म्हणजे सिक्युरिटी अपडेट, येणं थांबलं. दुकानाचं शटर आहे, कुलूप आहे, पण कुलूप बिघडलं तर दुरुस्त करणारा कोणी नाही, अशी ती अवस्था.

विंडोज ११ वर जायचं तर साधारण दोन गोष्टी लागतात. इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा प्रोसेसर, आणि मदरबोर्डवर टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय. जनरेशन ओळखायला सोपं आहे. आय फाइव्हच्या पुढे ६५०० लिहिलं असेल तर सहावी, ८५०० असेल तर आठवी, १०४०० असेल तर दहावी. झालं, दात बघून झाले!

तुमचं मशीन आठवी किंवा पुढचं असेल आणि त्यात ओरिजिनल विंडोज १० असेल, तर विंडोज ११ मोफत मिळतं. नवीन काही घ्यायची गरज नाही.

मशीन जुनं असेल तरी आज लगेच हातपाय गाळायचं कारण नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलेत. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर आपल्याकडे त्याचे पैसेही लागत नाहीत. कंपन्यांसाठी वेगळा दर आहे, पहिल्या वर्षाला मशीनमागे ६१ डॉलर. म्हणजे विचार करायला, पैसे साठवायला थोडा वेळ आहे. पण तो वेळ आहे, कायमची सोय नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरी बातमी: रॅम महाग का झाली?

जगात रॅमच्या चिप मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरला एचबीएम नावाची खास मेमरी लागते. मायक्रॉननेच सांगितल्याप्रमाणे तेवढीच एचबीएम बनवायला साध्या डीडीआर ५ च्या जवळपास तिप्पट सिलिकॉन लागतं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. पाणी तेवढंच, शेत तेवढंच, आणि उसाला दर चांगला मिळाला. शेतकरी काय करणार? ज्वारी कमी करून ऊस लावणार. मग बाजारात ज्वारी महागणार. आपली साधी रॅम म्हणजे इथली ज्वारी झालीय. ३ डिसेंबर २०२५ ला तर मायक्रॉनने जाहीर केलं की आपल्यासारख्या ग्राहकांना विकायचा क्रुशिअल ब्रँडच आपण बंद करतोय. मोठ्या गिऱ्हाइकाकडे जास्त पैसा आहे, इतकं साधं कारण.

जुन्या डीडीआर ४ चं उत्पादनही या कंपन्यांनी आवरतं घेतलं. चिपचा नवीन कारखाना उभा राहायला काही वर्षं जातात, त्यामुळे "पुढच्या महिन्यात स्वस्त होईल" म्हणून थांबण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. पण "महाग होतंय म्हणून सगळंच घेऊन टाका" हा त्याहून वाईट सल्ला आहे.

आणि "जीएसटी कमी झालाय, आत्ताच घ्या" असं कोणी म्हणालं तर नीट ऐका. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आले ते ३२ इंचांपेक्षा मोठे मॉनिटर आणि टीव्ही. कॉम्प्युटर, लॅपटॉप आणि आपला काउंटरवरचा छोटा मॉनिटर आधीही १८ टक्क्यांवरच होता, आजही आहे.

एआय पीसी हवा का?

एआय पीसीमध्ये एनपीयू नावाचा वेगळा भाग असतो. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस पीसीला त्याची ताकद किमान ४० टॉप्स आणि रॅम १६ जीबी लागते. चांगलं तंत्रज्ञान आहे, मला स्वतःला आवडतं. पण उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म भरताना, सात-बारा काढताना, पासपोर्ट फोटो कापताना तो एनपीयू बसून असतो. तुम्ही मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये एआयला प्रश्न विचारता ना, त्याचं काम दूरच्या सर्व्हरवर होतं. त्यासाठी तुमच्या दुकानात एआय पीसी लागत नाही.

आता हिशोब करू. समजा नवीन मशीनचा हप्ता महिन्याला २,४०० रुपये बसला. एका कामामागे सगळा खर्च जाऊन तुमच्या हातात ३० रुपये उरतात असं धरा. म्हणजे महिन्याला ८० कामं फक्त हप्त्यासाठी. रोजची तीन कामं बँकेची, चौथं तुमचं. पावसाळ्यात धडगाव, अक्कलकुव्याकडे दोन दिवस लाइट आणि नेट गेलं, तरी हप्ता थांबत नाही. मुद्रा योजनेत शिशू गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, ते मिळतंय म्हणून पूर्ण एकाच मशीनमध्ये घालायचं नसतं.

कोणी म्हणेल, "सर, एकदाच चांगलं घेतलं की सात वर्षं बघायला नको." बरोबर आहे, पण कोणासाठी? ज्याचा फ्लेक्स डिझाइनचा, लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचा धंदा आहे आणि मशीन रोज आठ तास पूर्ण ताकदीने चालतंय, त्याने नवीन, १६ जीबी रॅमचं मशीन जरूर घ्यावं. त्याचा वाचलेला वेळ म्हणजे थेट पैसा आहे. फॉर्म आणि झेरॉक्सवाल्याचं तसं नाही.

मग मी त्या मुलाला काय सांगितलं?

त्याने प्रोसेसरचा फोटो पाठवला. सहावी जनरेशन, ४ जीबी रॅम, जुनी हार्डडिस्क. म्हणजे विंडोज ११ अधिकृतपणे चालणार नाही.

त्याला सांगितलं, नवीन नको. कंपन्यांमधून निघालेला, आठव्या किंवा पुढच्या जनरेशनचा छोटा डेस्कटॉप बघ. डेल, एचपी, लेनोवो या तिघांचेही असे पुस्तकाएवढे मिनी मॉडेल येतात. त्यात बहुतेकदा नंबरच्या शेवटी टी असलेला प्रोसेसर असतो, उदाहरणार्थ आय फाइव्ह ८५००टी. तो ३५ वॉटचा, साधा ८५०० हा ६५ वॉटचा. आपल्याकडे लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा इन्व्हर्टरवर जो जास्त वेळ टिकेल तोच खरा फास्ट कॉम्प्युटर. शिवाय आत ८ जीबी रॅम आणि एसएसडी आधीच बसलेली असेल असाच घे, म्हणजे महागलेली रॅम वेगळी घ्यावी लागत नाही. जुना मॉनिटर, कीबोर्ड, प्रिंटर तोच चालतो.

घेताना चार गोष्टी बघा, मग बाजार सुरतचा असो की नंदुरबारचा:

१. पक्कं बिल आणि लेखी वॉरंटी.
२. बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड लावलेला नाही ना.
३. विंडोज ओरिजिनल, ॲक्टिव्हेट झालेलं आहे ना.
४. प्रोसेसरचा पूर्ण नंबर. हा बिलावरही लिहून घ्या.

चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. विंडोज १० चा सपोर्ट संपल्यावर कंपन्या जी मशीन काढून टाकणार, त्यात सहाव्या-सातव्या जनरेशनची भरपूर असणार. पुसूनपासून चकाचक केलेली, स्वस्त, आणि दिसायला तुमच्या गरजेचीच. घेतलीत तर तोच प्रश्न पुन्हा विकत घेतलात.

आणि हे पैशापेक्षा मोठं आहे

आपल्याच जिल्ह्यातलं, शहादा तालुक्यातलं टेंभली गाव. देशातला पहिला आधार क्रमांक तिथल्या एका महिलेला दिला गेला, २९ सप्टेंबर २०१० ला. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. त्या दिवसापासून आपल्या भागातली माणसं अंगठा मशीनवर ठेवतायत. काय लिहिलंय ते सगळ्यांना वाचता येत नाही. ती कंपनीवर नाही, तुमच्यावर विश्वास ठेवतात.

अंगठ्याच्या मशीनमध्येही बदल झालाय. जुन्या एल झिरो प्रकारात बोटाच्या ठशाची माहिती गुप्त करण्याचं काम कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर व्हायचं, नव्या एल वनमध्ये ते यंत्राच्या आतच होतं. हा बदल चांगला आहे आणि त्यावर पैसे खर्च करायला माझी ना नाही. पण आधारची पीडीएफ, बँक पासबुकाचे स्कॅन, पोर्टलचे पासवर्ड, हे सगळं तर तुमच्या कॉम्प्युटरवरच असतं ना? तिथे क्रॅक केलेलं विंडोज असेल आणि अपडेट बंद केलेले असतील, तर पाचशे रुपये वाचवून तुम्ही अख्ख्या गावाची कागदं उघड्यावर ठेवली.

म्हणून माझं मत ठाम आहे. नवीन मशीन नसलं तरी चालेल. सपोर्ट नसलेलं मशीन लोकांच्या आधार आणि बँकेच्या कामाला चालणार नाही.

आजचा होमवर्क. दुकान बंद करण्याआधी विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, टीपीएम डॉट एमएससी टाइप करा आणि २.० दिसतंय का बघा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउटमध्ये जाऊन प्रोसेसरचा पूर्ण नंबर वहीत लिहा. शेजारी तारीख लिहा: १३ ऑक्टोबर २०२६. मशीन जुनं निघालं, तर त्या तारखेपर्यंत महिन्याला किती बाजूला टाकायचे तो आकडा तिथेच मांडा. ग्राहकांच्या जुन्या पीडीएफ डाउनलोडमध्ये पडल्या असतील तर आजच डिलीट करा, रिसायकल बिनसुद्धा रिकामं करा.

त्या मुलाने कोटेशन परत केलं. कर्ज नाही काढलं. आता रोज संध्याकाळी गल्ल्यातून शंभर रुपये वेगळ्या डब्यात टाकतोय.