उतारा, पहाणी आणि जुनी गावे

बेंगळुरूतील इंदिरानगर ही आज उपाहारगृहांची आणि महागड्या दुकानांची वसाहत असली, तरी तिच्या पोटात दूपनहळ्ळीसारखी जुनी गावे अद्याप शिल्लक असून ‘हळ्ळी’, म्हणजे खेडे, हे कन्नड पद तिथल्या भूतकाळाची साक्ष देते. येथील मराठी कुटुंबांना गावाकडे जमीन घ्यावीशी वाटते, तेव्हा दोन राज्यांच्या कायद्यांतील अंतर प्रथम समजून घ्यावे लागते. महाराष्ट्रात 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. कर्नाटकाने मात्र 1961 च्या भूसुधारणा कायद्यातील कलम 79 अ व 79 ब ही तशीच बंधने 2020 मध्ये उठवली. ही मोकळीक वाटते तितकी सरळ नाही, कारण अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनींचे शासनाच्या पूर्वपरवानगीविना झालेले हस्तांतर 1978 च्या कायद्याने रद्दबातल ठरते. त्यामुळे पहाणी, अर्थात सातबाऱ्याचा कर्नाटकी भाऊबंद, केवळ चालू वर्षाची पाहून भागत नाही; जमीन मुळात कोणाला व कोणत्या अटींवर मिळाली, हेही तपासावे लागते.