'ट्वायलाइट' वाचून

सौंसरच्या आपल्या मुली स्टेफनी मेयर यांची 'ट्वायलाइट' ही 2005 सालची कादंबरी एकमेकींना देऊन वाचतात, म्हणून मीही वाचली. मत कोमटच झाले.

मुखपृष्ठावर सफरचंद, आरंभी उत्पत्ती 2:17 हे वचन. (त्या फळाला शास्त्रात सफरचंद म्हटलेले नाही, ते असो.) नायक एडवर्ड रक्तपिपासू पिशाच, तरी बेलाच्या रक्ताचा मोह आवरतो. हा संयम मला खरोखर आवडला. पण तोच रात्री तिच्या नकळत खोलीत शिरून तिला झोपलेली पाहत बसतो. कळल्यावर ती चक्क सुखावते!

वाचू नका, असे मी मुलींना सांगणार नाही. मात्र त्या पानाबद्दल त्यांच्याशी बोलायला घरात कोणी हवे. आई असली तर उत्तम.