फोनो जुना की नुसता जुनाट?

दोस्तांनो, तिकिटं, नाणी, काड्यापेट्यांचे छाप जमवणारे तुमच्यात पुष्कळ असतील. पण काही मंडळी चावीचे ग्रामोफोन जमवतात, बरं का! जुनी माणसं त्याला 'फोनो' म्हणत. वीज नको, बॅटरी नको. चावी दिली की आतली स्प्रिंग आवळते आणि ती उलगडताना तबकडी फिरते, मिनिटाला सुमारे ७८ फेरे! सुईची थरथर साउंडबॉक्समधल्या अभ्रकाच्या चकतीला पोचते आणि कर्ण्यातून गाणं ऐकू येतं.

एडिसनच्या १८७७ सालच्या फोनोग्राफात आवाज नळकांड्यावर उमटे. सपाट तबकडीची युक्ती एमिल बर्लिनर यांची, १८८७ सालची. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजानचं गाणं तबकडीसाठी मुद्रित झालं. त्या तबकड्यांत लाख असे, म्हणून हातातून पडली की खळ्‌कन तुकडे!

आता खरी गंमत. बाजारात चकचकीत पितळी कर्ण्याचा फोनो 'शंभर वर्षांचा' म्हणून दाखवतात. पुष्कळदा पेटी नवी, कर्णा नवा, कुत्र्याच्या चित्राची पट्टीही नवी; जुनी असते ती फक्त आतली मोटर, तीही दुसऱ्याच यंत्रातली! मग ओळखायचं कसं? कर्ण्याला जोडणारी नळी ओबडधोबड आहे का, पाहा. चावीजवळ, झाकणाच्या कडेला वर्षानुवर्षं हात लागून लाकूड गुळगुळीत झालंय का, तेही पाहा.

मग दुरुस्त केलेला फोनो खोटा का? छे! वाळलेलं ग्रीस काढणं, कडक झालेलं रबर बदलणं ही चांगली दुरुस्ती. पण मूळचा रंग खरवडून नवं पॉलिश चढवलं, की त्याचं वयच पुसलं जातं.

घरात फोनो असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. पोलादी सुई एकदा एका बाजूपुरतीच वापरायची. त्यावर एल. पी. कधीच लावायची नाही. जड साउंडबॉक्सने तिच्या खाचा खराब होतात. आणि स्प्रिंगचा डबा स्वतः उघडायचा नाही, ती सुटली तर हात कापेल.

आईबाबांनो, माळ्यावरचा फोनो भंगारात देण्याआधी जरा थांबा. तो कुणी घेतला, कधी घेतला, त्यावर काय वाजे, हे आजीआजोबांना विचारा. आणि मुलांनो, ते वहीत उतरवून फोनोजवळच ठेवा. असा कागद बाजारात विकत मिळत नाही!