अडीच किलो



मी गोदीत गोणी उचलतो. पन्नास किलो म्हणजे काय ते माझ्या मणक्याला विचारा. पण ताईचं पोर दवाखान्याच्या काट्यावर ठेवलं आणि काटा १ किलो ९०० वर थांबला, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा वजनाची भीती वाटली. सिस्टर ताईवरच खेकसली, "नऊ महिने खात नव्हतीस काय गं?"

ताई गप्प. आठव्या महिन्यापर्यंत ती नाक्यावर उभी राहायची. डोक्यावर खडीचं घमेलं, पोटात पोर. सिस्टरच्या प्रश्नाला ती बोलली नाही, म्हणून मी बोलतोय.

अडीच किलोच्या आत भरलेलं पोर कमी वजनाचं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. असलं पोर लवकर गारठतं, साध्या जंतूलाही बळी पडतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वजन नोंदलेल्या शंभर पोरांत सुमारे अठरा अशी निघाली. त्याच पाहणीत शंभरातल्या बावन्न गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी. या दोन आकड्यांचं नातं रक्ताचंच आहे.

आता डॉक्टरांची कारणांची यादी वाचा. आई हडकुळी. आई खुजी, कारण ती स्वतःच उपाशी वाढली. विशीच्या आत बाळंतपण. एक पोर अंगावर पीत असताना दुसरं पोटात. चुलीचा धूर. तंबाखू. जड काम. च्यायला, ही रोगाची कारणं आहेत की आपल्या वस्तीची खानेसुमारी?

१९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास झाला. शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या बायांची पोरं हलकी. दूध, फळं, पालेभाजी खाणाऱ्यांची वजनदार. हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. तिच्याकडे पैसे नव्हते एवढंच.

आणि मिश्री. आई लावायची, ताई लावते. भूक मरते म्हणून. मुंबईतल्या बाराशेवर गरोदर बायांचा अभ्यास २००४ साली छापून आला. धूर न काढता तंबाखू खाणाऱ्या, मिश्री लावणाऱ्या बायांची पोरं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी. आईची भूक मारली तरी पोटातल्या पोराची मरत नाही.

बीडकडच्या ऊसतोड बाया बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर, खाडा केला की पैसे कापले. पोट पुढं आलेलं असताना बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेली शिडी चढते. तिला कसली बाळंतपणाची रजा?

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायांच्या प्रसूती-लाभाचं बिल आलं. बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि खर्चाचा मोठा भार सरकारनं उचलावा, हे त्यांचं म्हणणं. १९२९ साली कायदा झाला. २०१७ साली भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. कुणाला? जिचं नाव पगारपत्रकावर आहे तिला. नाक्यावरच्या बाईला पगारपत्रक कुठलं? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गरोदर बाईला किमान ६००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या योजनेनं हातावर ठेवले ५०००, तेही तेव्हा फक्त पहिल्या पोराला. पहिलं पोर झाल्यावर बाईचं पोट भरतं, असा तेव्हा सरकारचा समज असावा.

पण सगळा दोष सरकारवर टाकून आपण सुटत नाही. आपण आईवर कविता लिहितो, टाळ्या घेतो. घरी आल्यावर पहिलं ताट कुणाचं? आपलं. शेवटी टोपाला चिकटलेला भात खरवडून कोण खातं? पहाटे नळावर हंड्याला नंबर कोण लावतं? मीही यात आहे. ताईला सातवा महिना होता तेव्हा मी मोर्च्याची पत्रकं वाटत होतो. तिच्या डोक्यावरचा हंडा मला दिसला नाही, आणि मी म्हणे वजन उचलणारा माणूस!

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक छावणीनं आपल्या वस्तीतल्या गरोदर बायांची यादी करावी. नाव, कितवा महिना, रक्त किती, काम काय. लोहाच्या गोळ्या, अंगणवाडीचा आहार मिळाला नाही तर सगळ्यांनी मिळून ऑफिसच्या दारात बसावं. नाक्यावरच्या, ऊसतोडीच्या बाईला मजुरीसकट रजा, ही मागणी जाहीरनाम्यात पहिल्या पानावर यावी. आणि घरातला हंडा पोरांनी उचलावा, आजपासून.

ताईचं पोर जगलंय. काल वजन केलं, तीन किलो भरलं. ताई परत नाक्यावर जाते.

जयभीम.